खारीच्या हिरव्या नोंदी

"लाल नोंद आली तर पट्टा ओरडून सांगेल. हिरव्या नोंदी मात्र तुम्हालाच वाचाव्या लागतील. आठवड्यातून एकदा तरी वाचत जा."

हे मला डॉ. नसीमा मुजावर यांनी दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच फोनवर 'फक्त लाल सूचना' हा पर्याय निवडत होते, आणि कडेवरची माझी मुलगी जुई त्यांच्या टेबलावरच्या कापसाची लड ओढून काढत होती.

"डॉक्टर, मला भीती लालचीच आहे," मी म्हटलं. "हिरवं म्हणजे सुरक्षित. सुरक्षित आहे ते कशाला वाचत बसू? अंघोळीला वेळ मिळाला तरी सण वाटतो मला."

डॉक्टर हसल्या. खारीच्या गळ्यात पट्टा बसवून दिला आणि पुढच्या मांजरीला हाक मारली.

खारी म्हणजे आमची कुत्री. गावठीच. रंग खारीच्या बिस्किटासारखा, म्हणून खारी. जुई तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. तिच्या मुठीत जे असेल त्यातलं अर्धं खारीचं, आणि खारीच्या वाटीतलं अर्धं जुईचं, असा त्या दोघींचा करार होता. एके दिवशी जुईने वाटीभर मनुका सोफ्याखाली सांडल्या आणि मी पोहोचेपर्यंत सोफ्याखाली काहीच नव्हतं. मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात हे मला खारी ओकायला लागल्यावर दवाखान्यात जाताना रिक्षात वाचून कळलं. खारी वाचली. मी मात्र त्या दिवसापासून घरात पोलीस झाले, आणि आठवड्याच्या आत तो पट्टा घेतला.

बाजारात त्याला 'घ्राण' म्हणतात, आमच्या कऱ्हाडात सगळे 'चुगल्या' म्हणतात. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं माझं, त्यामुळे तो कसा चालतो हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडलं नाही. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणारी शेकडो प्रकारची प्रथिनं असतात. त्यांतली अठ्ठेचाळीस निवडून यीस्टमध्ये वाढवतात आणि त्यांचा पातळ थर पट्ट्याच्या आत लावतात. कुत्रं जे खातं त्याचे बारीक अंश श्वासातून बाहेर पडतात. कांदा असेल तर गंधकाची संयुगं, चॉकलेट असेल तर वेगळी. पट्टा ती ओळखतो. शिवाय एक इवलासा मायक्रोफोन घशाचा आवाज ऐकतो आणि घास किती गिळले ते मोजतो. म्हणजे काय खाल्लं, किती खाल्लं आणि कधी खाल्लं, तिन्ही कळतं. कुत्र्याच्याच नाकाने कुत्र्यावर पाळत. सुजय, माझा नवरा, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर देखभालीचं काम करतो आणि शनिवार-रविवार घरी असतो. तो म्हणाला, "एक माझ्यासाठी पण मागवलास का? वडापाव कळेल तुला."

"तुझा श्वास मला पट्ट्याशिवाय कळतो," मी म्हटलं.

आमच्या समोरच्या दारात हिंदुराव जगताप राहतात. सगळ्यांचे आबा. वीज मंडळात पस्तीस वर्षं लाइनमन होते. काकू जाऊन दीड वर्ष झालेलं, मुलगी शैला नांदेडला. त्यांचं आणि आमचं दार दिवसभर उघडं असायचं आणि खारी दोन्ही घरं आपलीच समजायची. काकू गेल्यानंतर ती दुपारी हमखास आबांच्या पायाशी पडलेली असे.

पालीचा खंडोबा त्यांचा कुलस्वामी. चंपाषष्ठीला आबांकडे तळी भरतात. चातुर्मासात सोडलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी पुन्हा ताटात येतो, म्हणून नैवेद्यही त्याचाच: बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा आणि लसूण घालून केलेलं भरीत. त्यातला पहिला घास कुत्र्याला. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, त्याला उपाशी ठेवून माणसं जेवत नाहीत.

मला हे सगळं माहीत होतं. आमच्या माहेरीही हेच करतात. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही, ते नाहीच.

सुजय आणि इमारतीतले तिघं आले होते. आबा धरून पाच जण. ताम्हणात नारळ, विड्याची पानं, भंडारा. पाचांनी हात लावून तळी उचलली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" जुई टाळ्या वाजवत होती. आबांनी भंडारा उधळला आणि केळीच्या पानावर रोडगा कुस्करून, वर भरताचा मोठा गोळा ठेवून ते पान खारीपुढे सरकवलं. एक घास नाही, अख्खं पान. लाडकी ना ती. खारीने ते चाटूनपुसून घेतलं. मी तेव्हा आत जुईचा पिवळा झालेला फ्रॉक बदलत होते. बाहेरून बाईचा शांत आवाज आला.

"धोका. कांदा आणि लसूण. अंदाजे ऐंशी ग्रॅम. कृपया डॉक्टरांशी संपर्क करा."

पट्टा बोलत होता. खारीच्या गळ्याशी लाल दिवा लुकलुकत होता आणि पाच पुरुष कपाळाला भंडारा लावून तिच्याकडे बघत उभे होते.

मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते. "आबा, विष घातलंत तुम्ही तिला! एवढं वय झालं, कळत नाही?"

"आगं, देवाचा परसाद हाय त्यो," आबा म्हणाले. "पन्नास वर्सं घालतुया मी. एक कुत्रं मेलं न्हाई."

"मेलं असतं तर कळलं असतं का तुम्हाला? कांदा लगेच मारत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्रास सुरू होतो. गल्लीतलं कुत्रं कुठे जाऊन पडलं, कोण बघायला गेलंय?"

आबा भिंतीला टेकून खाली बसले.

आम्ही वीस मिनिटांत दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी उलटी करवली, कोळशाची पूड पाजली. कांद्यातली संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशींना आतून खातात, पेशी फुटतात, आणि रक्त हळूहळू पातळ होत जातं. आपल्या पेशींना त्याचा पत्ताही लागत नाही. शिजवून, भाजून, वाळवून, कसाही केला तरी कुत्र्यासाठी तो कांदाच. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी रक्त तपासलं. थोडं उतरलं होतं, मग सावरलं.

सहाव्या दिवशी आबा दारात आले. हातात वहीचं कोरं पान आणि पेन.

"लिवून दे," म्हणाले. "काय घालायचं, काय न्हाई. मोठ्या अक्षरात."

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. घालायचं नाही: कांदा, लसूण, पात, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, मिठाई, चहा-कॉफी, तळलेलं, मसाल्याचं, शिजवलेली हाडं. बिनसाखरेचे लाडू आणि च्युइंगम तर अजिबात नाही, त्यात साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलने आपल्याला काही होत नाही, कुत्र्याची साखर मात्र अर्ध्या तासात कोसळते. चालेल: साधा भात, साधी भाकरी, उकडलेलं अंडं, भोपळा, गाजर, दुधी, बिया काढलेलं सफरचंद, थोडं दही. सगळं बिनमिठाचं, थोडं थोडं.

आबा वाचत होते. मग हळूच म्हणाले, "पन्नास वर्सांत किती मारली आसतील गं मी?"

"एकही नसेल, आबा. गल्लीतल्या कुत्र्याला घासभर मिळतो. घासाने मरत नाहीत. खारीला तुम्ही लाडाने पानभर घातलंत."

"लाडानंच की," ते म्हणाले.

त्यांनी तो कागद गॅसच्या वर चिकटवला. वर्षानुवर्षं जपून ठेवलेली विजेची चिकटपट्टी काढली, 'नाही'च्या बाजूला लाल आणि 'चालेल'च्या बाजूला हिरवी. लाइनमनचं काम, कोपरे काटकोनात.

"लाल वायर म्हंजी फेज," जुईला कडेवर घेऊन शिकवत होते. "तिला समदं जग भितंय. हिरवी म्हंजी अर्थिंग. ती सैल झाली तर कुणाचं ध्यान नसतं. आन माणूस मरतो त्यो ती सुटल्यावर."

"अथ्थिंग," जुई म्हणाली. मी हसले आणि कुकर लावायला गेले.

त्यानंतर दोन महिने एकही लाल नोंद आली नाही. मी निर्धास्त होते, माझ्या स्वभावाला शोभत नाही इतकी. काकू गेल्यापासून आबांना खाणावळीचा डबा येत होता, त्यातला कांदा-लसूण त्यांनी सांगून बंद केला होता. खाणावळवाल्या बाईंनी फोन करून मलाच विचारलं, "काय ओ, जगतापांनी माळ घातली का? दुधी-भोपळाच मागत्यात." पूर्वी त्यांचा डबा घेऊन तिथला माणूस यायचा, आबांशी दोन शब्द बोलायचा. आता आपोआप चालणारी छोटी गाडी येते, फाटकाशी घंटा वाजवते, भरलेला डबा देते, रिकामा नेते. रिकामा डबा स्वच्छ असायचा. खाणावळीत सगळे खूश.

फेब्रुवारीत खारीला लशीसाठी नेलं. वजनकाट्यावर डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

"चौदाची साडेसोळा झाली. कोण भरवतंय हिला?"

"कोणीच नाही. मी तर मोजून घालते."

"हिरव्या नोंदी काय म्हणतात?"

मी फोन पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, नोंदी उघडल्या आणि पडदा माझ्याकडे वळवला.

आधी मला आबांचा रागच आला. 'थोडं थोडं' लिहिलं होतं की मी! डिसेंबरात दुपारी पाऊण वाजता भाकरी, चतकोर. ठीक. नाताळच्या सुमारास अर्धी. संक्रांतीनंतर एक. मग दीड. आणि गेले दोन आठवडे रोज त्याच वेळेला दोन भाकरी, भात, बिनफोडणीचं वरण, भोपळ्याची भाजी. संध्याकाळी साडेसातला पुन्हा तेवढंच.

आबांच्या डब्यात किती भाकरी असतात ते मला माहीत होतं. मीच ठरवून दिलं होतं खाणावळीत. दोन.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी तो हिशेब तीनदा केला. मग आबांचा सदरा आठवला, खांद्यावरून ओघळणारा. मला वाटलं होतं की थंडीसाठी मोठ्या मापाचा घेतला असेल. त्यांच्या चपलांचा आवाज हल्ली घासत यायचा, तोही आठवला. सगळं मला दिसत होतं, रोज, समोरच्या दारात.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला गाडीची घंटा वाजली. मी जुईला घेऊन आबांकडे गेले. खारीला मुद्दाम आमच्या घरात कोंडून.

"आबा, आज तुमच्याबरोबर जेवते."

"आं? आन खारी कुठंय?"

"झोपलीय. वाढू का?"

आबांनी दाराकडे दोनदा पाहिलं. मी दोन ताटं केली. त्यांनी भाकरीचा अगदी बोराएवढा तुकडा मोडला, वरणात बुडवला, चावला. चावतच राहिले. पाणी प्यायले. छातीवर मूठ दाबली, डोळ्यांत पाणी आलं, आणि खुर्ची मागे सारून ते बेसिनकडे गेले. घास परत आला.

"आबा ओक्क," जुई म्हणाली.

"व्हय गं बाय, आबा ओक्क." तोंड पुसत ते आले. माझ्याकडे न बघता बसले. "कुत्र्याचा पट्टा बोलला का तुला? माझं ताट मोजत हुतीस व्हय?"

"नाही आबा," मी म्हटलं. "मोजत नव्हते. तेच चुकलं."

समोरच्या दारामागून खारी नखांनी खरवडत होती.

मग सांगितलं त्यांनी. दिवाळीपासून घास छातीत अडकतो. आधी भाकरी, मग भात, आता वरणसुद्धा. चहा तेवढा उतरतो. अन्न टाकायचं नाही ही घरची शिकवण, आणि खारी पायाशी असतेच. माझ्या यादीतलं सोडून तिला काही द्यायचं नाही, म्हणून डबाच यादीप्रमाणे करून घेतला. स्वतःला जाणार नाही हे ठाऊक असताना, तिला चालेल असा.

"शैलाला सांगितलंत?"

"नगं. तिला न्हाई सांगायचं." आवाज एकदम चढला. "तुमच्या काकूचं आसंच सुरू झालतं. घासच अडकायचा. नळी घालून बघितलं आन तिसऱ्या म्हयन्यात गेली. बघितलंच नसतं तर आनखी चार दीस हितं बसली असती."

मी त्यांना घाबरवू शकले असते, रडू शकले असते. पण ते घाबरलेलेच होते आणि रडायला जुई पुरेशी होती, तिला भूक लागली होती. मी तिला भात भरवला. गॅसवरच्या कागदाकडे लक्ष गेलं. लाल पट्टी, हिरवी पट्टी, काटकोनातले कोपरे.

"आबा, खांबावर चढल्यावर लाइन चालू आहे की बंद, ते टेस्टर न लावता सांगता येतं?"

"येडी का खुळी तू? कोन सांगंल?"

"मागच्या वेळी त्याच खांबावर माणूस गेला होता म्हणून टेस्टर लावायचाच नाही, असं करता?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग ओठाचा एक कोपरा हलला.

"लई श्यानी झालीस," म्हणाले. "कधी जायचं?"

शनिवारी सुजय आला, मी फोन केला म्हणून रविवारी शैलाताई नांदेडहून आल्या. आबांनी आधी मला डोळे दाखवले आणि मग लेकीच्या हातचा चहा दोन कप प्यायले. सोमवारी नळी घालून तपासणी झाली. आम्ही बाहेर बाकावर होतो. शैलाताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण त्यांच्या मांडीवर बोटं टकटक चालली होती. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी जुईला इतकं घट्ट धरलं होतं की ती किंचाळली.

गाठ नव्हती.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते सैल होतं, घास गेला की मिटतं. आबांचं सैल होणंच बंद झालं होतं. दुर्बिणीतूनच त्या स्नायूला बारीक छेद देतात, वरून टाकाही लागत नाही. डॉक्टर म्हणाले की आणखी दोन महिने गेले असते तर अंगात छेद सोसायचीही ताकद राहिली नसती. अकरा किलो वजन गेलं होतं त्यांचं.

आबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी ब्रेकर जाम झालता." आणि खाटेवर पडल्या पडल्या हसायला लागले. शैलाताई हसता हसता रडल्या.

छेद दिल्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी वाटीभर मऊ भात खाल्ला. वाटी रिकामी करून माझ्यापुढे उलटी धरली, जुई दाखवते तशी.

ही गोष्ट डॉ. मुजावरांकडून पट्टा बनवणाऱ्या कंपनीपर्यंत गेली. त्यांचा फोन आला. पुढच्या पट्ट्यात नवी सोय घालायची म्हणत होते: कुत्र्याला जो भरवतो त्याच्या नोंदीही आपोआप वेगळ्या काढायच्या, काही बदललं की नातेवाइकांना कळवायचं. माझ्यासारख्या बाईला हे ऐकून किती बरं वाटलं असेल, विचार करा. शैलाताईसुद्धा लगेच हो म्हणाल्या. मी आबांना विचारलं.

ते दही-भात कालवत होते. "माझ्या ताटात कुणाला बघायचं आसंल तर दार वाजवून या म्हनावं," ते म्हणाले. "कुत्र्याच्या नाकातनं नगं."

मी कंपनीला तसंच कळवलं. कुठल्या पट्ट्यात ती सोय येईलही, मला अडवता येणार नाही. आमच्या खारीच्या पट्ट्यात नाही. मी आता दर रविवारी तिच्या हिरव्या नोंदी वाचते, आणि काही वेगळं वाटलं तर फोन ठेवून समोर जाते.

गेल्या आठवड्यात पुन्हा चंपाषष्ठी झाली. आबांनी दोन भरतं केली. एक आपलं नेहमीचं. दुसरं छोट्या वाटीत, नुसतं भाजलेलं वांगं, बिनकांद्याचं, बिनलसणाचं, बिनमिठाचं. देवाला दोन्ही दाखवली. "त्याला सांगितलंय," म्हणाले, "तुझ्या कुत्र्याची तब्येत नाजूक हाय." तळी उचलली, भंडारा उधळला, खारीपुढे घासभर पान ठेवलं. सगळे श्वास रोखून तिच्या गळ्याकडे बघत होते. दिवा हिरवा. कोणीतरी "येळकोट" म्हणालं आणि जुईने सगळ्यांपेक्षा मोठ्याने आरोळी ठोकली.

मग आबांनी रोडगा दुधात कुस्करला आणि आम्ही सगळे जेवायला बसलो. त्यांचा पहिला घास खाली उतरेपर्यंत मी हातातला घास धरून ठेवला होता. उतरला.

तुमच्याकडेही असेल असं कोणीतरी. जिन्याखालच्या कुत्रीला रोज नेमाने वाढणारे, मांजरांना दुधाची वाटी ठेवणाऱ्या, कबुतरांना घास टाकणारे. "किती प्रेमळ" म्हणून आपण पुढे जातो. उद्या पुढे जाऊ नका. फोनही करू नका, फोनवर सगळे जेवलेलेच असतात. जेवायच्या वेळेला त्यांचं दार वाजवा, समोर बसा, आणि त्यांच्या ताटातलं अन्न कोणाच्या पोटात जातंय ते एकदा बघून या.